कार्डावर एकच नाव

नाना वायंगणकरांच्या घरी क्रेडिट कार्ड आले तेव्हा मालवणात ते घेणारे एकही दुकान नव्हते. नानांना हे माहीत होते. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मालवण शाखेत ते अधिकारी होते. बँकेने नुकतीच कार्डे काढली होती आणि अधिकाऱ्यांनी ती घ्यावीत अशी वरून सूचना होती. नानांनी सूचनेची वाट पाहिली नाही. अर्ज करणारे शाखेतले ते पहिले, आणि बहुधा शेवटचे.

मी तेव्हा एका दैनिकाचा मालवणचा वार्ताहर होतो आणि नानांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. माडीचा जिना त्यांच्या ओटीवरून वर जात असे. त्यामुळे ओटीवर जे बोलले जाई ते मला ऐकू येई, आणि नानांचे बहुतेक सगळे आयुष्य ओटीवरच चाले.

कार्ड आले त्या सकाळी ते मासळी बाजारात गेले. बांगड्यांचा वाटा ठरवून झाल्यावर त्यांनी खिशातून कार्ड काढून कोळणीपुढे धरले.

"ह्या काय, नानानू? नवीन रेशनकार्ड?" तिने विचारले.

"ह्या सगळ्या देशात चालता."

"मगे माझ्या पाटीर कित्याक चालना नाय?" ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "बघ गो, नाना आता फोटो दाखवन मासे नेतले."

कार्डावर फोटो नव्हता. ठसठशीत इंग्रजी अक्षरांत नानांचे नाव होते. नाना हसले, पैसे देऊन बांगडे घेतले, आणि घरी येऊन त्यांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली. स्वतःवरचा विनोद सांगण्याइतका तेव्हा त्यांचा स्वतःवर विश्वास होता.

अंगाने ते सडपातळ, उंच, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. बँकेत प्रमाण मराठी, घरात मालवणी, आणि दोन्हींत आवाज सारखाच मोठा. सल्ला घ्यायला त्यांच्याकडे माणसे येत. सल्ला देताना ते दोन्ही तळवे वर करून समोर धरत, एकावर एक गोष्ट, दुसऱ्यावर दुसरी. बोलता बोलता एक तळवा हळूहळू खाली जाई. मुंबईला जाणारी गाडी कुडाळची धरावी की कणकवलीची, मुलाला शिकायला कोल्हापूरला ठेवावे की गोव्याला, मोतीबिंदू कोणाकडून काढावा. जो तळवा खाली तो निर्णय. ‘दोन्ही सारखेच’ असे त्यांनी कधी म्हटलेले मी ऐकले नाही.

"सारख्या काय्येक नसता," ते म्हणत. "ज्येका सारख्या दिसता, तेका बघूचो कंटाळो."

त्यांच्या धाकट्या बहिणीचे, सुमनताईंचे लग्न याच पद्धतीने ठरले होते. वडील लवकर गेल्यामुळे घरात मोठे नानाच. दोन स्थळे आली: एक मुंबईचा इंजिनीअर, एक कुडाळचा काजूचा व्यापारी. नाना दोन्ही घरी जाऊन आले. सुमनताई हे मला अनेकदा सांगत आणि दर वेळी नानांसारखे तळवे करून दाखवत. "ह्या हातार इंजिनेर. तेच्या घरात पाणी व्हया काय म्हणान इचारल्यानी, पण आणूक कोण उठाक नाय. ह्या हातार काजूवालो. तेची म्हातारी आवस हसत हसत तांब्यो घेवनच भायर इली. झाला! माजा लगीन नानाच्या तळहातार ठरला."

काजूवाला म्हणजे मुकुंद पाटकर. नानांच्या घरात लहानमोठे सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. माणूस आडव्या अंगाचा, हसला की खुर्ची वाजे. कुडाळच्या आठवडी बाजारात ते काजूबी विकत घेत, मूठभर बी उचलून कानाशी हलवली की तिच्यातली ओल त्यांना कळे. माल घेऊन ट्रकमधून आंबोलीचा घाट चढणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. त्या घाटामुळेच त्यांनी अपघात विमा घेतला होता. दर वर्षी थोडे पैसे भरायचे आणि वर्षभर कुठेही, कशानेही अपघात झाला तर भरपाई. मुलगी एकच, बेबी. तिच्यासाठी म्हणून ते तो न चुकता भरत. नानांवर त्यांचा जीव होता. "नानांनी माका निवडलो," ते लोकांत सांगत. "इंजिनेराक नापास केल्यानी. माझ्या शाळेतल्या मास्तरांका ह्या कोणीतरी सांगूक व्हया."

कार्डाची पूजा झाली तेव्हा दाजी आणि सुमनताई आलेले होते. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट देवासमोर गाऱ्हाणे घातल्याशिवाय वापरात येत नाही. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे. नारळ आणि विडा ठेवून घरातला मोठा माणूस देवाकडे मोठ्याने मागणे मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. बोलणारा एकटा असला तरी मागणे सगळ्यांचे असते. घरातले, दारातले, परगावी गेलेले, गोठ्यातली गुरेसुद्धा त्यात येतात. नानांचे गाऱ्हाणे ऐकायला शेजारी मुद्दाम येत. त्या दिवशी त्यांनी नारळाशेजारी पानावर कार्ड ठेवले.

"बा देवा महाराजा! आज ह्या नवीन कार्ड तुझ्या पायाकडे ठेवलेला आसा. हेच्यावांगडा जो कोण घरचो दारचो, बहिणी-भाचरांतलो, वाटेक लागात, तेका गेल्या वाटेन सुखरूप घराक आण रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. दाजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

कार्डाबरोबर विमाही आहे, ही बाब नानांनी आम्हाला नंतर समजावून दिली. प्रवासाचे तिकीट या कार्डावर काढले की अपघाताचा विमा आपोआप लागू, वेगळे पैसे नाहीत. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. विमा कोणाचा, प्रवास कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तिच्यात होते. नानांनी ते वाचले नाही असे नाही. ते नियम एकेकट्या राहणाऱ्या माणसांसाठी लिहिले असावेत, असे त्यांना वाटले असावे.

प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याच्या वेळी. मुलगा मुंबईत नोकरीला होता, समारंभ तिथेच. नानांनी ठरवले की ते, त्यांची पत्नी, सुमनताई आणि दाजी गोव्याहून विमानाने जायचे. चारही तिकिटे पणजीच्या कचेरीतून कार्डावर काढायची. जाण्याच्या थोडे आधी दाजी आणि सुमनताई मालवणात असताना कुडाळचे विमा एजंट बापू त्यांना शोधत ओटीवर आले. बापू बोलघेवडे, सायकलला पिशवी अडकवून गावोगाव हिंडणारे. कोणाच्याही घरी वेळेवर चहाला पोहोचायची त्यांची ख्याती होती. चहा आला.

"दाजीनू, तुमची पॉलिसी ह्या आठवड्यात सपता," बापू म्हणाले. "सही करा, बाकीचा मी बघतंय."

"जरा थांबा," नाना म्हणाले आणि त्यांचे तळवे वर आले. "ह्या वर्षी हेची गरज काय, ता बघूया. दाजींनी घाट पुतण्याच्या अंगावर घातलो. बरा? म्हणजे आता प्रवास रवलो खयचो? ह्यो मुंबयचो. आता बघा. हयसर तुमची वार्षिक पॉलिसी. दर वर्षी पैसे भरूचे, वर्ष सपला की गेले. आणि हयसर माझो कार्डाचो विमो. कार्ड आसाच, म्हणजे फुकट. आणि विमानाक रक्कम किती? तुमच्या कितीतरी पट."

"विमानाक," बापू म्हणाले. "माझी पॉलिसी एस्टीक चालता, ट्रकाक चालता, बैलगाडयेक चालता. खंय जातास, तिकीट काढलास काय, काय्येक इचारना नाय. न्हाणयेत पाय घसरलो तरी चालता."

"दाजी न्हाणयेत घसरतले म्हणान दर वर्षी पैसे?"

"मी घसरलंय तर न्हाणी मोडात," दाजी म्हणाले. "तिचो विमो काढा."

सगळे हसले. बापूही हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही.

"ता कार्ड तुमच्या नावार ना, नानानू?"

"माझ्या नावार. आणि तिकीटा चारांची, माझ्याच कार्डार. घरातल्या मोठ्यान काढलेली तिकीटा. मग तेतूरलो विमो काय मोठ्यापुरतोच? माझ्या बँकेत अविभक्त कुटुंबाचा खाता असता, थयसर कर्त्याची एक सही सगळ्यांका पुरता."

"आणि विमान उतरल्यार?"

"बापू, प्रवास घरापासून घरापर्यंत असता. मधीच खंय सपता?"

बापूंनी बशीतला चहा संपवला. "कार्डाचा माका म्हायत नाय," ते म्हणाले. "बरोबर असात तुमचा. मी सांगतंय ता माझो धंदो आसा म्हणान सांगतंय, असा तुमका वाटात."

"वाटताच," नाना म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. कार्डाचा तळवा खाली गेला होता.

आता सगळे दाजींकडे बघत होते. दाजींनी एकदा बापूंकडे पाहिले, एकदा नानांकडे. मग मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "नाना म्हणतत तसा. बापू, पुढच्या वर्षी बघूया."

सुमनताई आतल्या दारात नारळ खवत बसल्या होत्या. त्यांनी खवणे थांबवून नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा खवायला लागल्या. मी ते पाहिले. विशेष काही वाटले नाही.

मुंबईचा समारंभ नीट पार पडला. परतीचे विमानही नीट उतरले. विमानात नानांनी खिडकीजवळची जागा घेतली होती आणि दाजी दोन्ही हातांनी खुर्ची धरून, डोळे मिटून बसले होते, असे सुमनताईंनी पुढे सांगितले. पणजीला एस.टी.त बसताना नाना म्हणाले, "विमानात खिडकी माझ्याकडे होती. आता तुमी बसा." दाजी नको म्हणाले. नानांनी आग्रह केला. बहिणीच्या नवऱ्याला आत ढकलून आपण खिडकी घ्यायची, हे त्यांच्या रीतीत बसणारे नव्हते.

बांदा मागे पडल्यावर एका अरुंद मोरीवर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला आणि गाडीला घासून गेला. दाजींचा उजवा हात कोपरापासून खिडकीबाहेर टेकलेला होता. वारा लागतो म्हणून तसे सगळेच बसतात. गाडीला फारसे काही झाले नाही. इतर कोणाला खरचटलेही नाही. गोव्याच्या इस्पितळात हात कोपराच्या वरून काढावा लागला.

त्या अपघाताची बातमी मीच पाठवली. चार ओळींची, आतल्या पानावर आली. नानांनी ती वाचली आणि जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून मला हाक मारली.

"खिडकीकडे तेंका कोणी बसवल्यान, ता लिवलात नाय."

"ते बातमीत येत नाही, नाना."

"येवक व्हया होता," ते म्हणाले आणि आत गेले.

विम्यासाठी ते मुंबईला गेले. कचेरीत काय झाले ते त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि स्वतःपेक्षा समोरच्या अधिकाऱ्याची बाजू अधिक नीट मांडून सांगितले. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवले. नानांनी आपले पद सांगितले. मग त्याने कागद पाहिले.

"साहेब, हा विमा विमानप्रवासाचा आहे. विमान उतरलं तिथे तो संपला."

"आम्ही घरी पोहोचलो नव्हतो," नाना म्हणाले.

"हो. पण तसं धरत नाहीत. आणि जखमी कोण? तुम्ही?"

"माझ्या बहिणीचे यजमान. तिकीट मी काढलं होतं. चारही तिकिटं मीच काढली, याच कार्डावर."

"तिकिटं चार आहेत, साहेब," अधिकारी म्हणाला. "कार्डावर नाव एकच आहे."

नानांनी कागद गोळा केले. बँकेत समोर बसलेल्या माणसाला त्यांनी स्वतः असेच उत्तर दिले असते. ते उठले तेव्हा अधिकारी दारापर्यंत आला आणि म्हणाला, "त्यांची स्वतःची एखादी वार्षिक पॉलिसी असती ना, तर काही अडचण आली नसती."

मुंबईहून परतल्यावर नाना आधी कुडाळला उतरले. मी त्या दिवशी बाजाराच्या कामाने कुडाळातच होतो, त्यांच्याबरोबर दाजींच्या घरी गेलो. दाजी पडवीत खुर्चीवर बसले होते. सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचणीने अडकवली होती. नानांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मग म्हणाले, "मी परत अर्ज करतलंय. वर लिवतलंय. अगदी वरपर्यंत."

"सोडा ता, नाना," दाजी म्हणाले. "बसा पयले. तुमी निवडलेलो जावई आसंय मी. एक हात कमी झालो म्हणान परत नेतलात काय?"

नाना बसले. सुमनताईंनी चहा आणला, कप नानांच्या हातात दिला, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"तेंका ठावक होता, नाना," त्या म्हणाल्या.

"सुमन," दाजी म्हणाले.

"त्या कार्डाचा काय खरा नाय, ह्या तेंका त्याच दिवशी दिसला होता. वाटेत माका म्हणाले, बापूक बोलवन गुपचूप पैसे भरून टाकूया, नानाक सांगूया नको. दुसऱ्या दिवशी तेनीच नको म्हटल्यानी. म्हणाले, कळला तर नानाक काय वाटात? चार माणसांत तेंचो शब्द मोडल्यासारखो होयत."

"सुमन, गप बस."

"गप बसलंय म्हणानच ह्या झाला! नारळ खवत बसलेलंय दारात, माकाव कळत होता. गप बसलंय. कित्याक? नाना बोलता म्हणान. आमच्या घरात नाना बोललो की बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणूचा. आता ह्या बाजारात काय करतले? चेडवाचा, बेबीचा लगीन कसा होतला?"

नानांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. मुंबईच्या कचेरीत त्यांना आपली चूक कळली होती. आपल्यापुढे ती बोलून दाखवायची सोय कोणालाच नव्हती, हे त्यांना आता कळत होते. ते उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे निघाले. वाटेत त्यांची एक चप्पल दोनदा निसटली. मी मागून चालत होतो. त्यांना ते नको आहे हे दिसत होते, म्हणून मी अंतर वाढवले.

त्यानंतर ओटीवर माणसे यायची हळूहळू थांबली. कोणी काही विचारले तर नाना म्हणत, "माका नको इचारू." सुरुवातीला लोकांना वाटले की ते रागावले आहेत. एकदा शेजारच्या सामंतांनी दोन डॉक्टरांची नावे घेऊन आग्रह केला, तेव्हा नानांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि सामंत उठेपर्यंत काढले नाहीत. घरातले गाऱ्हाणे त्यांचा चुलतभाऊ घालू लागला. त्याला ते जमत नसे. मध्येच अडे, नावे विसरे. नाना सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभे राहत आणि ओठ हलताहेत एवढेच कळेल अशा आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणत. मुलाच्या लग्नात सुमनताई आल्या, पण भावाशी बोलल्या नाहीत. काही काळाने नाना निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केले नाही.

दाजी बाजारात परत आले ते जखमेच्या मानाने लवकर. डाव्या हाताने सही शिकले, डाव्या हाताने काजूबी कानाशी धरू लागले. "ह्यो कान अजून शिकाऊ आसा," ते म्हणत. "उजवो कान तेका मधीमधी सांगता." मात्र लोकांच्या पंगतीत ते बसेनासे झाले. डाव्या हाताने जेवताना चार माणसांनी पाहावे, एवढे त्यांना सोसत नव्हते. कोणाकडे कार्य असले की पोट बिघडल्याचे सांगत.

नाना कुडाळला जातात, हे मला बापूंनी सांगितले. मला ते माहीत नव्हते. नाना सकाळी बँकेच्या कामाला जातो म्हणून निघत, आणि ते निवृत्त आहेत हे घरात कोणी त्यांना आठवून देत नसे. बापू म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मालवणच्या गाडयेन येतत. स्टँडार बाकड्यार बसतत. दाजींचा घर थयसून दिसता, झाडाआडून. मगे दुपारच्या गाडयेन परत. मी एकदा जावन बाजूक बसलंय. म्हटला, नानानू, चला, मी येतंय वांगडा. माका म्हणाले, बापू, तुमी सांगलेला मी आयकलंय नाय. म्हटला, ता जावंदे, मी तरी खंय नीट सांगलंय? माका तरी खंय म्हायत होता?"

"मग?"

"मग काय. गाडी लागली. चढले."

बेबीचे लग्न ठरले तेव्हा माझी मुंबईला बदली झालेली होती, मी आवराआवर करत होतो. दाजी आणि सुमनताई निमंत्रणाच्या अक्षता घेऊन मालवणला आले. सुमनताई त्या दिवशीच्या चहानंतर भावाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नानांनी त्यांना लांबून येताना पाहिले आणि ते परसात विहिरीकडे निघून गेले. घरच्यांनी दोनदा बोलावले, ते आले नाहीत. शेवटी सुमनताई स्वतःच मागच्या दारात गेल्या. माडीची खिडकी परसावर होती.

"नाना, घरात ये."

नाना विहिरीच्या काठाशी पाठमोरे उभे होते.

"मामा नाय इलो तर चेडवाक मांडवात कोण नेतलो?"

"चुलतमामा आसा," नाना म्हणाले.

"तेका गाऱ्हाणा धड घालूक येना नाय, तो चेडवाक खंय घालीत कोण जाणे." मग त्यांचा आवाज बदलला. "बघ नाना. माका अजून राग आसा. खोटा सांगणंय नाय. पण राग माझो आसा, लगीन तिचा आसा. तू ये."

नानांनी मान हलवली. वळून पाहिले नाही. सुमनताईंनी पुढे येऊन अक्षता विहिरीच्या काठावर ठेवल्या आणि त्या परत आल्या.

लग्न कुडाळलाच, घरापुढच्या मांडवात झाले. मी त्या लग्नासाठी थांबलो. त्यानंतर नानांना पाहण्याचा प्रसंग आला नाही, म्हणून तो दिवस इथे लिहून ठेवतो.

नाना आले. मामाने करायचे ते सगळे त्यांनी केले. बेबीच्या दंडाला धरून तिला अंतरपाटापर्यंत आणले, मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या मागे उभे राहिले. मामाचा मान म्हणून त्यांना पहिल्या पंगतीला बोलावले, तेव्हा ते कुठेतरी निघून गेले. दुसऱ्या पंगतीलाही सापडले नाहीत. शेवटी घरच्या माणसांची पंगत बसली, वधूपित्याला त्या पंगतीत बसणे टाळता येईना, आणि दाजी बसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मांडवाच्या टोकाशी उभ्या असलेल्या नानांना हाक मारली.

"नाना, हयसर. माझ्या बाजूक."

नाना येऊन बसले. मी समोरच्या ओळीत होतो. पानावर वडे आले, काळ्या वाटाण्याची उसळ आली. दाजींचा डावा हात थोडा वेळ मांडीवरच राहिला. पंगतीतल्या दोघातिघांनी पाहिले आणि नजर काढून घेतली. तेव्हा नानांनी हात पुढे केला आणि दाजींच्या पानातला वडा घेऊन त्याचे तुकडे करायला सुरुवात केली.

"नाना," दाजी हळूच म्हणाले. "माका येता."

नानांचा हात थांबला.

दाजींनी डावा हात वर आणला, दुसरा वडा पानावर अंगठ्याने दाबून धरला, दोन बोटांनी मोडला आणि उसळीत बुडवून तोंडात घातला. "बघलात? येता." ते खात राहिले. पंगतीत पुन्हा बोलणे सुरू झाले. नानांनी हात आखडता घेतला. त्यांनी भात कालवला, थोडा खाल्ला. वाढणारी मुले आली की ते पानावर आडवा हात धरत. सुमनताई आमटी घेऊन आल्या तेव्हा मात्र त्यांनी हात बाजूला घेतला. सुमनताईंनी वाढले आणि त्या पुढे गेल्या.

पंगत उठली. दाजी हात धुऊन परत आले तरी नाना बसून होते. दाजींनी त्यांना उठवायला हात दिला. नानांनी तो धरला नाही, जमिनीला हात टेकून उठले. मग खाली वाकून त्यांनी आपले पान दुमडले आणि उचलले. त्यानंतर शेजारचे, दाजींचे खाल्लेले पानही उचलले. वयाने मोठा, मुलीचा मामा, दुसऱ्याचे उष्टे पान उचलतो आहे हे पाहून वाढणारी मुले जागीच थांबली.

"नाना, ठेव ता!" सुमनताई पुढे आल्या. "उचलूक माणसा आसत. नाना!"

नानांनी पाने ठेवली नाहीत. दोन्ही हातांवर सांभाळून ती घेऊन ते मांडवाच्या मागच्या बाजूला चालू लागले. सुमनताई त्यांच्यामागे निघाल्या, तेव्हा दाजींनी त्यांना अडवले.

"जावंदे गो," ते म्हणाले. "तेवढा तरी करूंदे तेंका."